बिल्यानाच्या कोपरावरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि अजून धक्क्यातून सावरलेली नाही. माझ्या वयाच्या घंटेला इतके दचकणे शोभत नाही, हे मला कळते. मी लांडगे पाहिले आहेत, विजेने उभे फाटलेले झाड पाहिले आहे, लग्नाच्या दिवशी मांडवातून पळालेला नवरदेवही पाहिला आहे. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या व्रबोवो गावात जे सुरू झाले आणि वसंतात जवळच्या पेर्निक शहरातल्या मैदानावर जे संपले, ते आठवले की माझा लोलक जागच्या जागी थिजतो. म्हणून तुम्हाला सांगते. सांगून टाकले की थोडे हलके वाटेल.

आधी माझी ओळख. पेर्निकच्या बाजारात एक म्हातारा ओतारी होता. त्याने वाळूच्या साच्यात पितळ ओतून मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच दुपारी जन्म दिला. मग कानस घेऊन तो आमच्या कडा घासत बसला. थोडे घासायचे, वाजवायचे, कान लावायचा, नाक मुरडायचे, पुन्हा घासायचे. शेवटी आमचे सूर असे जुळले की एक वाजली की दुसरी आपोआप गुणगुणू लागायची. म्हातारा खूश झाला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "या दोघींची जो ताटातूट करील त्याचं कधी भलं होणार नाही." ते गिऱ्हाईक एकच घंटा घ्यायला आले होते. घाबरून दोन्ही घेऊन गेले.

आमची पहिली वर्षे दोन बोकडांच्या गळ्यात गेली. डोंगर चढायचा, उतरायचा, धुके पडले की मेंढपाळाला आपला पत्ता सांगायचा. पुढे कळप विकला गेला आणि आम्हाला एका रुंद चामडी पट्ट्यावर शिवले गेले. तेव्हापासून आम्ही सुर्वाच्या झालो.

सुर्वा आमचा सण. जानेवारीच्या मध्यावर गावातले पुरुष केसाळ कातडी अंगावर घेतात, शिंगांचे मुखवटे चढवतात, कमरेला घंटांचे जड पट्टे आवळतात आणि वर्षभरातली सगळी इडापिडा गावाबाहेर हाकलायला रस्त्यावर उतरतात. यात नियम एकच. सगळ्यांच्या सगळ्या घंटा एकदम वाजल्या पाहिजेत. टोळी एकत्र गुडघे वाकवते, एकत्र उसळते आणि आभाळ दणाणते. येलका मावशीच्या खानावळीत म्हातारे खिडकीला पाठ लावून बसतात आणि न बघता सांगतात, कोणाचे पाऊल चुकले. ज्याच्या घंटा आधी एक, मग एक अशा वाजतात, त्याची पुढच्या सुर्वापर्यंत सुटका नसते. "लंगडी शेळी आली रे," अशी हाक त्याला प्रत्येक कोपऱ्यावर ऐकावी लागते. एका माणसाने तर याच कारणाने गाव सोडले. तो आता समुद्रकिनारी मासे विकतो आणि सुखात आहे म्हणतात.

आमचा पट्टा त्या हिवाळ्यात लाझारच्या कमरेला होता. तो टोळीचा म्होरक्या. एरवी लाकडाच्या वखारीत फळ्या कापतो आणि कमी बोलतो. त्याची बायको स्नेझाना इटलीत, बोलोन्याला, एका आजारी म्हातारीची काळजी घेण्याच्या कामावर होती. वर्षातून एकदा घरी यायची. त्यांची तेरा वर्षांची मुलगी म्हणजे बिल्याना. ही गोष्ट तिची आहे. मी नुसती तिच्या कोपरावर लटकले होते.

बिल्याना पळायची. शाळेत जाताना, येताना, पाव आणायला, टेकडीवरच्या चॅपेलपर्यंत उगाच. शाळेत खेळ शिकवणारे त्रायचो सर गावचेच. त्यांनी तिला हेरले. पेर्निकला वसंतात निवड होणार होती. लांब पळणाऱ्या दोन मुलींना राजधानी सोफियाच्या क्रीडाशाळेत घेणार होते, राहणे-खाणे सगळे तिथेच. सरांनी हे सांगितले त्या संध्याकाळी बिल्यानाने फोनवर आईला सांगितले. पलीकडे स्नेझानाने तिला पुन्हा सगळे सांगायला लावले. मग म्हणाली, "तू सोफियात आलीस ना, तर मीही येते परत. सोफियात कामं आहेत. आपण दर रविवारी भेटू. पण गावात मी काय करू गं, गावात काही नाही."

फोन संपला तेव्हा लाझार पोरीच्या पायांकडे बघत होता. मी तेव्हा भिंतीवर खिळ्याला पट्ट्यासकट टांगलेली होते आणि सगळे ऐकत होते. म्हणजे पोरीच्या पायांवर आता आईचे परत येणे अवलंबून होते. तेरा वर्षांच्या पोरीवर एवढे ओझे टाकतात का? मला तेव्हाच पहिला धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला शाळेमागच्या बर्फात पळवले आणि मग हाताला धरून तिच्याच पावलांच्या ठशांपाशी नेले.

"काय दिसतंय?"

"पावलं," बिल्याना म्हणाली.

"डावी सरळ पडतायत. उजवी बघ, आत वळून मधली रेघ ओलांडतायत. चोर घरात शिरल्यासारखी. आणि का, ते तुझ्या डाव्या हातात आहे."

तिच्या डाव्या हातात फोन होता. पळताना ती तो नेहमी मुठीत धरायची आणि कोपर बरगडीला चिकटवून ठेवायची. आईला सवड कधी मिळेल याचा नेम नसायचा आणि तिचा एकही फोन हुकू द्यायचा नव्हता.

सरांनी तिला नीट समजावले. पळताना पाय कमरेला एका बाजूला पिळतात आणि हात खांद्यांना उलट्या बाजूला पिळतात. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. दोघांचे पीळ एकमेकांत फिटले की माणूस सरळ जातो. एक हात संपावर गेला की त्याचे काम कंबर करते, मान करते, पाठ करते, आणि तरीही पाऊल वाकडे पडते ते पडतेच. "हात नुसते लोंबकळायला दिलेले नाहीत पोरी," सर म्हणाले. "ते पायांचे भागीदार आहेत."

फोन सरांच्या खिशात गेला. पण मोकळा झालेला डावा हात हलेचना. तो तसाच बरगडीला चिकटून राही, जणू अजून काहीतरी धरून आहे. सर सांगत, ती हलवी, दहा पावलांत पुन्हा विसरे. तेव्हा सरांच्या डोक्यात एक कल्पना आली. अशी कल्पना आमच्याच गावातल्या माणसाला सुचणार.

ते संध्याकाळी लाझारकडे आले. "तुझ्या पट्ट्यावरच्या दोन घंटा दे. जुळ्या दे. तिच्या कोपरांना बांधतो. हात हलला नाही तर घंटा गप्प बसेल आणि तिला स्वतःलाच कळेल."

"पट्टा उसवायचा?" लाझार म्हणाला. "सुर्वा होऊन महिनासुद्धा झाला नाही."

"पुढच्या सुर्वापर्यंत शिवून घे की. तुला बायको परत पाहिजे ना?"

लाझारने चाकू घेतला आणि आम्हा दोघींचे टाके उसवले.

माझ्या वाट्याला डावे कोपर आले. पहिल्या दिवशी उजवीकडे माझी बहीण ठणठणत होती आणि मी मुकी. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो हात सुटू लागला आणि मी वाजू लागले. आधी ती, मग मी. ती, मी. ती, मी. बर्फातली उजवी पावले सरळ पडू लागली. सर खूश झाले. आता सगळे नीट होईल असे वाटले आणि तिथेच सगळे बिघडायला सुरुवात झाली.

कारण शाळेमागे बर्फ फार झाला आणि बिल्याना गावातल्या रस्त्याने पळू लागली. खानावळीपाशी पोहोचली तर खिडकीतून आवाज आला, "लंगडी शेळी आली रे!"

आत हशा पिकला. "अरे, लाझारची पोर!" दुसरा म्हातारा ओरडला. "म्होरक्याच्या घरात असलं वाजवतात होय?"

बिल्यानाचे कान तापलेले मला तिच्या दंडातूनही जाणवले. ती म्होरक्याची मुलगी. घंटा कशा वाजायला हव्यात हे तिने पाळण्यात ऐकलेले. दोन दिवस तिने ते बोलणे सोसले आणि मग तिच्या अंगाने आपोआप एक युक्ती शोधली. प्रत्येक पावलाला दोन्ही खांदे कानांकडे उचलायचे, दोन्ही कोपरे एकदम खाली सोडायचे आणि पावलागणिक जरा उसळायचे. मग आम्ही दोघी एकदम वाजू लागलो. टण. टण. टण. काय तो आवाज! मित्रांनो, मी आयुष्यात इतकी सुरेख कधी वाजले नव्हते.

खानावळीचे दार उघडले. म्हातारे बाहेर आले आणि त्यांनी पेले उंचावले. येलका मावशीने चीज भरलेल्या गरम बानित्साचा तुकडा कागदात गुंडाळून तिच्या हातावर ठेवला. "आता कशी शोभतेस बापाची!" ती म्हणाली. त्रायचो सर रस्त्याच्या टोकाला उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान डोलावत होते. सर शिकलेले होते, त्यांच्याकडे दोन प्रमाणपत्रे होती, पण त्यांचे कान व्रबोवोचे होते. बिल्यानाला उत्तम पळता येऊ लागले याबद्दल त्या दिवशी गावात कोणालाच शंका उरली नाही. मला तर मुळीच नाही.

फक्त घड्याळ कुरकुरत होते. टेकडीला वळसा घालून यायला तिला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. सर म्हणाले, थंडी आहे. थंडी ओसरली तेव्हा म्हणाले, वाढीचे वय आहे. मग त्यांनी घड्याळाची बॅटरी बदलली. नवी बॅटरीही तेच सांगू लागली, तेव्हा त्यांनी लाझारला बजावले की पोरीला दही आणि मांस जास्त द्या. बिल्यानाच्या नडग्या रात्रंदिवस ठणकत होत्या. मानेमागे गोळा येत होता. टेकडीच्या निम्म्यात श्वास संपत होता. ती हे कोणाला सांगत नव्हती, कारण सगळे इतके खूश होते.

मार्च लागला. सगळ्यांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे आले. लाझारने ठरवले की स्नेझानाला पोरीचे पळणे दाखवायचे. त्याने फोनवर तिचे चित्रण केले, खानावळीपासून पुलापर्यंत, आणि पाठवून दिले. त्या दुपारी आम्ही दोघी टेबलावर पडलो होतो. लाझार सूप ढवळत होता. फोन वाजला.

"लाझार," स्नेझाना कुजबुजत होती, "पोरगी पळतेय का उड्या मारतेय?"

"ऐकलंस का, कशा एकदम वाजतायत?" लाझार आनंदाने म्हणाला.

"ऐकते कुठली! म्हातारी झोपलीय, आवाज बंद ठेवून बघितलं. अरे, तिला झालंय काय? खांदे कानाला लागलेत तिचे. मानच दिसत नाही."

"आवाज लावून बघ, मग कळेल तुला."

"आवाजानं काय दिसणारे? तू बंद करून बघ. एकदा बघ, मग मला सांग. ती आधी अशी नव्हती पळत. मी गेले तेव्हा ही पोर पाण्यासारखी जायची रस्त्यानं."

लाझारने चूल मंद केली. खुर्चीवर बसला. फोनचा आवाज बंद केला आणि चित्र लावले. टेबलावरून मलाही ते दिसत होते. मीही पाहिले, माझ्याच आवाजाशिवाय मला स्वतःला पाहिले.

मित्रांनो, मी हादरले. मागे येलका मावशीचे फळ्यांचे कुंपण होते. त्या फळ्यांसमोर बिल्यानाचे डोके वर जात होते, खाली येत होते, वर जात होते, खाली येत होते. पुढे ते जेमतेम सरकत होते. हात पुढे-मागे जातच नव्हते. दोन्ही कोपरे एकदम उचलली जात आणि एकदम आदळत. पायांना त्यांची काही मदत नव्हती. प्रत्येक पावलाचा निम्मा जोर आभाळात जात होता आणि परत येताना तिच्या नडग्यांवर कोसळत होता. माझा तो सुरेख आवाज त्या कोसळण्याचाच होता.

लाझारने ते चित्र पुन्हा पाहिले. मग सरांना बोलावले. सर आले, उभ्यानेच हसत म्हणाले, "काय वाजतायत ना!" लाझारने त्यांच्या हातात मुका फोन दिला. सरांचे हसू हळूहळू उतरले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"मी डोळे मिटून शिकवत होतो, लाझार," ते म्हणाले. "अक्षरशः डोळे मिटून."

तेवढ्यात बिल्याना दारात आली. तिने दोघांचे चेहरे पाहिले, टेबलावरचा फोन पाहिला आणि तिलाही ते दाखवावे लागले. ती रडली नाही. चित्र संपल्यावर एवढेच म्हणाली, "मला वाटलं मी आजारी आहे. मला वाटलं माझ्यात आता जोर उरला नाही आणि आई येणार नाही."

हे ऐकून लाझार उठून अंगणात गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

निवडीला थोडेच आठवडे उरले होते. सरांनी आम्हाला सोडवून फेकून दिले असते तर मी समजू शकले असते. पण त्यांनी आम्हाला पुन्हा तिच्या कोपरांना बांधले आणि म्हणाले, "आता उलट. एक एक वाजली पाहिजे. आणि जितकी हळू वाजेल तितकं बरं."

"सगळे लंगडी शेळी म्हणतील," बिल्याना म्हणाली.

"म्हणतील."

"मी मागच्या वाटेनं पळते मग."

"मागच्या वाटेला गुडघाभर चिखल आहे. पाय मुरगळून घेशील."

लाझार दारात उभा होता. तो म्हणाला, "तू पुढच्याच रस्त्यानं पळ. मी आधी जाऊन बसतो."

आणि तो खरेच जाऊन बसला. ज्या खिडकीला पाठ लावून म्हातारे बसत, तिथेच, त्यांच्या मधोमध. बिल्याना आली. आधी एक, मग एक. कोणीतरी खोकले. मग एकाने विचारलेच, "काय रे लाझार, तुझ्या घरातच शेळी लंगडी?"

"हो," लाझार म्हणाला. "लंगडीच आहे. येलका, एक कॉफी दे."

दुसऱ्या दिवशी तेच झाले आणि तिसऱ्या दिवशीही. टोळीच्या म्होरक्याने मान खाली न घालता तिथे कॉफी पिणे काय असते, हे आमच्या गावात राहिल्याशिवाय कळणार नाही. मला तर पट्ट्यावरच्या बाकीच्या घंटांना काय वाटत असेल याच विचाराने मेल्याहून मेल्यासारखे होई.

बिल्याना मात्र शिकत होती. शिकलेले विसरणे किती अवघड असते ते मी दंडावरून पाहिले. सर बाजूने सायकलवर असत आणि आता त्यांचे डोळे सताड उघडे असत. "खांदे सोड. सोड म्हणतोय ना, कोणी चोरून नेत नाही. कोपर मागे ढकल, पुढे यायचं ते त्याचं ते बघेल. हात छातीची मधली रेघ ओलांडायला नको. मूठ आवळू नको, आत अंडं आहे समज." ती करी, जमे, वळणावर पुन्हा खांदे चढत. ते चढले की मला आधी कळे, कारण मी जोरात वाजे. माझ्या प्रत्येक ठणठणाटाला सर म्हणत, "ऐकलंस? चुकलं." जन्मभर शाबासकी मिळवलेल्या घंटेने हे ऐकून घ्यायचे म्हणजे काय!

मग एका सकाळी पुलापाशी माझा आवाज गेला. मी घाबरले. वाटले, लोलक तुटला. पण तो होता, हलत होता, कडेला नुसता टेकून परत जात होता. टिक. पलीकडे बहीण. टिक. आणि मला एक विलक्षण गोष्ट जाणवली. कोपर मागे गेले की त्याची ओढ खांद्यातून पाठीत जात होती, पाठीतून तिरपी कमरेत, कमरेतून पलीकडच्या पायात, आणि तो पाय जमिनीला ढकलून मोकळा होत होता. तोवर दुसरे कोपर निघालेले असे. सगळे अंग एकाच दोरीने ओवलेले. रस्ता आमच्याखालून सरकत होता, तिला कसलीच घाई नव्हती आणि तरी सरांना सायकलवर उभे राहून पॅडल मारावे लागत होते. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच गप्प होते आणि मला त्याचे काहीच वाईट वाटत नव्हते. याचाही मला धक्काच बसला.

निवडीचा दिवस आला. मैदानावर घंटा बांधून कोण पळू देणार? लाझारने आम्हा दोघींना कोटाच्या वरच्या खिशात ठेवले. माझे अर्धे तोंड बाहेर होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. एका हातात त्याने फोन उंच धरला होता. पलीकडे बोलोन्याला स्नेझाना बघत होती. मुली रांगेत उभ्या राहिल्या, सुटल्या. पहिल्या फेरीला बिल्याना मधल्या घोळक्यात होती, खांदे खाली, हात मोकळे. दुसऱ्या फेरीला ती दोघींच्या मागे तिसरी आली. "छान चाललीय," फोनमधून स्नेझाना म्हणाली. "अगदी तश्शी चाललीय."

आणि तेव्हा मैदानाच्या फाटकातून आमचे गाव आत शिरले.

दोन गाड्या भरून आले होते. सगळी टोळी, कमरेला पट्टे बांधून. खानावळीतले म्हातारे मागे, येलका मावशी टोपली घेऊन सर्वांच्या पुढे. पोरीला शेळी म्हटल्याचे त्यांना मनातून लागले होते आणि त्याची भरपाई करायला, कोणाला न सांगता, ते आले होते. कठड्याशी ओळीने उभे राहिले. गुडघे वाकवले. आणि उसळले.

सगळ्या घंटा एकदम वाजल्या. मैदान हादरले. परीक्षकांनी कान झाकले. त्या आवाजात इतके प्रेम होते की माझाही लोलक खिशात थरथरला. टण. टण. टण.

बिल्याना आमच्या समोरून जात होती. मी पाहिले, तिचे खांदे उचलले गेले. पुढच्या घंटेला आणखी उचलले गेले. कोपरे एकदम वर, एकदम खाली. तिचे डोके उसळू लागले. तिला नको होते, तिच्या चेहऱ्यावर दिसत होते की तिला नको आहे, पण अंगच ऐकत नव्हते. एक मुलगी तिच्या पुढे गेली. मग दुसरी गेली. आता ती पाचवी होती आणि दीडच फेरी उरली होती.

"खांदे!" फोनमधून स्नेझाना ओरडली. "लाझार, थांबव त्यांना! अरे, थांबव!"

लाझार ओरडला. त्रायचो सर हात हलवत धावले. टोळीला वाटले, आणखी जोरात म्हणतायत. त्यांनी आणखी जोर लावला. त्या गदारोळात माणसाचा आवाज कुठे ऐकू जातो? आम्हा घंटांना बनवलेच आहे मुळी त्यासाठी.

सुर्वाच्या रस्त्यावर टोळीला शब्दांनी थांबवता येत नाही. म्होरक्याने एक गुडघा जमिनीला टेकला तरच सगळे थांबतात. पण म्होरक्या गुडघा टेकतो तो वर्षातून एकदाच, इडापिडा गावाबाहेर गेल्यावर, चॅपेलसमोर. भलत्या जागी टेकला तर पट्टा दुसऱ्याला द्यावा लागतो, असा आमच्याकडे रिवाज आहे. लाझारने क्षणभर ट्रॅककडे पाहिले. मग टोळीच्या समोर जाऊन त्याने चिखलात गुडघा टेकला.

सगळ्या घंटा तुटल्यासारख्या थांबल्या. लोकांनी पट्टे हातांनी घट्ट धरले. कोणाला काही कळत नव्हते, पण कोणी हालले नाही. येलका मावशीने तोंडावर टोपलीवरचे फडके धरले. एवढ्या मोठ्या मैदानावर फक्त पावलांचा आवाज उरला.

बिल्यानाने पळता पळता एकदा हात खाली सोडून झटकले. खांदे उतरले. मान दिसू लागली. कोपर मागे गेले, दुसरे मागे गेले. ती पाचवीची चौथी झाली. शेवटच्या वळणावर तिसरी. सरळ रेषेवर ती आणि पुढची एक मुलगी खांद्याला खांदा लावून येत होत्या. त्या मुलीने दात आवळले होते, मुठी आवळल्या होत्या. बिल्यानाच्या मुठीत अजून अंडे होते. दोघी रेषेवरून गेल्या आणि मला काही कळले नाही. लाझारलाही कळले नाही. तो तसाच गुडघ्यावर होता आणि त्याच्या हातातल्या फोनवरचे चित्र केव्हाच गोठले होते.

"लाझार?" आतून आवाज आला. "चित्र अडकलंय. काही दिसत नाही. लाझार, काय झालं? सगळे गप्प का झाले? पडली का ती?"

पलीकडे परीक्षकांच्या टेबलापाशी त्रायचो सर वाकून उभे होते. ते वळले आणि त्यांनी दोन बोटे वर केली. दुसरी. लाझारने बोलायला तोंड उघडले आणि त्याच्या घशातून काहीच निघाले नाही. म्होरक्या गुडघ्यावर असताना टोळीतले कोणी बोलत नाही, म्हणून तेही बोलले नाहीत.

"कोणीतरी सांगा हो," स्नेझाना रडत म्हणाली. "पोचली का माझी पोर?"

बिल्याना कठड्यापाशी आली. तिला श्वासच घेता येत नव्हता, बोलणार काय? तिने बापाच्या खिशात हात घातला, मला बाहेर काढले, फोनजवळ धरले आणि एकदा हलवले.

मी वाजले.

हरलेली पोर घंटा वाजवत नसते, हे तिच्या आईला पलीकडे लगेच कळले. मग स्नेझाना इतक्या मोठ्याने हसली-रडली की तिची म्हातारी झोपेतून उठली आणि दारावर कोण आलंय म्हणून इटालियनमध्ये ओरडू लागली. "मी चाललेय आजी," स्नेझाना आमच्याच भाषेत तिला सांगत होती, "मी घरी चाललेय."

मित्रांनो, आम्हा घंटांना कोरड्या जागी ठेवा, राखेने घासा, ओल लागू देऊ नका. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. तुमच्या घरात कोणी काही शिकत असेल, तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवा, घंटा वाजवा, मन भरून वाजवा. फक्त त्याआधी एकदा कान झाकून त्याच्याकडे बघा. त्याला कुठे दुखत असेल तर ते दिसेल. बिल्यानाला दुखत होते आणि आम्ही सगळे तिच्या इतक्या जवळ होतो, मी तर तिच्या हातावरच होते.